कडी आईने उघडली होती

१२ जानेवारी

दादा,

तीर्थरूप म्हणावं इतका तू मोठा नाहीस आणि चिरंजीव म्हणावं इतका लहान नाहीस, तेव्हा नुसतं दादा. आई गेल्यापासून आपलं बोलणं वाढदिवसाच्या दोन ओळींवर आलं आहे, तेही तुझा वाढदिवस मला आठवतो म्हणून. आज लिहायला बसले कारण काल तुझा सिनेमा पाहिला आणि तेव्हापासून तोंडाची चव गेली आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच "अगं ऐक ना, ऐक ना" करतोस. कागदावर तुला ते जमणार नाही.

आधी चांगलं सांगून टाकते. शाळा छान दिसली. चॅपेलच्या रंगीत काचा, तो लांबलचक व्हरांडा, फादरांचा पांढरा झगा, ओळीने गाणारी पोरं, सगळं जिथल्या तिथे. सगळ्यावर तू मधासारखा पिवळा उजेड ओतला आहेस. माझ्या शेजारची बाई पहिल्याच गाण्याला पर्समधून रुमाल काढून बसली. आमच्या लॅबमध्ये माझ्यासोबत कवळ्या बनवणारी मुलगी आली होती, ती मध्यंतरात म्हणाली, "ताई, किती गोड शाळा होती हो तुमच्या दादांची!" मी म्हटलं, "हो, होती." तिला फुकट मिळालेलं तिकीट कशाला कडू करायचं?

मग बाबा आले. म्हणजे तुझे ते शाळेच्या धुलाईखान्यातले "आमेन". वाकडी पाठ, लोंबती विजार, आणि दादा, ते दात! पिवळे, पुढे आलेले, एक सोन्याचा. आयुष्यभर दुसऱ्यांचे दात मेणात बसवतेय मी. त्या नटाची ती नकली कवळी बोलताना हिरडीवरून उचलत होती, आणि लोक त्यालाच हसत होते. बाबांचे दात आजही स्वतःचे आहेत. त्यांना किती घमेंड आहे त्याची, हे तुला ठाऊक आहे. आल्यागेल्याला ओठ वर करून दाखवतात. एवढी एक गोष्ट त्यांच्यापाशी शाबूत होती, तिचीही तू माती केलीस.

आणि तो हात. वाकडी बोटं कपाळाला लावून सलाम ठोकायचा आणि म्हणायचं, "आमेन!" प्रत्येक वेळी थिएटरात हशा. बाहेर आलो तर पायऱ्यांवर दोन पोरं एकमेकांना बोटं वाकडी करून सलाम ठोकत होती.  तो हात वाकडा कशाने झाला हे त्या पोरांना ठाऊक नाही. तुला आहे.

त्या वाळवणखोलीच्या प्रसंगाबद्दल मी आज लिहीत नाही.  तुझा हीरो अनाथ, बोर्डिंगात राहणारा, हेही समजून घेतलं असतं. आईला आणि मला तू दोन ओळींतसुद्धा ठेवलं नाहीस, तेही चाललं असतं. पण सिनेमा संपल्यावर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत जे लिहून ठेवलंस, "ती कडी मीच लावली होती. आमेन, मला माफ कर," ते मी तिथे खुर्चीत बसून, चिवड्याच्या पाकिटासारखं काहीतरी पायाखाली चुरचुरत असताना वाचलं. इतक्या वर्षांनी. तिकीट काढून.

बाबांनी सिनेमा पाहिलेला नाही. रोज विचारतात. मी सांगते, तिकिटं संपली.

तुझी बहीण


२१ जानेवारी

दादा,

तुझं उत्तर पोचलं. पत्राला पत्राने उत्तर द्यायला तुला वेळ नाही, म्हणून बोलून पाठवलंस. मी ते दुपारी लॅबमध्ये, हाताला प्लास्टर लागलेलं असताना ऐकलं आणि मग परत ऐकलं, कारण माझा कानांवर विश्वास बसेना. "अगं, ते बाबा नाहीतच, ते एक पात्र आहे." "कलेत सगळं जसंच्या तसं नसतं." "उलट मी त्यांना अजरामर केलं." आणि शेवटी, "तू रडली नाहीस का? सगळे रडतात."

रडले. खोटं कशाला बोलू! एकदाच, तो नट पाठमोरा चादरी वाळत घालत होता तेव्हा. पाठीवर घामाने चिकटलेला शर्ट अगदी बाबांचा होता. मग तो वळला आणि ते दात दिसले.

आता तुझ्या कलेची आणि माझ्या आठवणीची गाठ घालून देते.

तू दाखवलंस की आमेन म्हणजे भोळा संत. कोणी काही बोललं की आकाशाकडे बघून "आमेन" म्हणतो, मागे व्हायोलिन वाजतं. अरे, कसला संत! नोकरीच्या पहिल्या दिवशी फादरांनी सगळ्या नोकरांना उभं करून काम समजावलं आणि शेवटी छोटी प्रार्थना म्हटली. बाकीचे "आमेन" म्हणाले. बाबा त्या धर्माचे नाहीत, त्यांना वाटलं इथे "होय साहेब"ला असंच म्हणत असतील. दुसऱ्या दिवशी फादर म्हणाले, "वरच्या मजल्यावरचे टॉवेल बदला." बाबा म्हणाले, "आमेन." फादर पोट धरून हसले. चूक कोणीच दुरुस्त केली नाही, कारण सगळ्यांना मजा येत होती. बाबांना वाटलं, साहेब खूश आहेत, मग चाललंय ते बरोबर. त्यांनी तो शब्द जन्मभर तसाच वापरला. त्यात भक्ती बिक्ती काही नव्हती. हे तू आणि मी जेवताना कितीदा हसून हसून सांगितलंय एकमेकांना.

आणि पोरं तुला "छोटा आमेन" म्हणायची. सिनेमात हे कुठेच नाही. का नाही रे? सगळी गोष्ट तिथेच तर आहे. वर्गात, मैदानात, चॅपेलच्या रांगेत, जिथे जाशील तिथे छोटा आमेन. बाबा खाली बोर्डिंगातल्या पोरांच्या रात्री ओल्या झालेल्या चादरी धुवायचे आणि तू वर त्याच पोरांशेजारी बसायचास. बाबांचंही तोंड एक मिनिट गप्प बसणारं नव्हतं. कोणाची चादर, कितव्यांदा, सगळं घरी येऊन चवीने सांगायचे. आई म्हणायची, "अहो, पोरांची अब्रू आहे ती." ते म्हणायचे, "घरात सांगितलं तर काय बिघडतं?" म्हणून म्हणते, त्यांना संत करू नकोस. ते बडबडे होते, फुशारकी मारायचे, आणि ते माझे वडील होते.

बाबांना वाळवणखोलीत कोंडलं, त्या शनिवारी मोठ्या पोरांनी तुला टोळीत घ्यायचं कबूल केलं असणार, आणि "छोटा आमेन" बंद करायचंही. त्यासाठी कडी लावायची होती. हे मी आता जुळवलं. तेव्हा आम्हाला सगळ्यांना वाटत होतं की ते काम त्या टोळीच्या दांडगट कप्तानाचं. बाबा अजूनही त्यालाच शिव्या घालतात.

तुझ्या सिनेमात वाळवणखोली म्हणजे स्वर्ग आहे. पांढऱ्याशुभ्र चादरी, मंद वाफ, म्हातारा आत गाणं गुणगुणतोय. मग हीरोला पश्चात्ताप होतो, तो धावत येतो, कडी काढतो. म्हातारा बाहेर येतो, त्याच्या केसांतून हात फिरवतो आणि म्हणतो, "आमेन."

दादा, त्या खोलीत भिंतीने वाफेचे पाइप होते. जाड लोखंडी दार होतं. वर चॅपेलमध्ये गाण्याचा सराव चालला होता आणि बाबा आत ओरडत होते. दार ढकलता ढकलता घसरून त्यांचा तळवा पाइपवर पडला. संध्याकाळ झाली तरी ते घरी आले नाहीत. आई तुला विचारत होती, "बाबा दिसले का रे शाळेत?" तू म्हणालास, "नाही." मी समोरच बसले होते. तू मान खाली घालून जेवत होतास आणि तू परत वाढून घेतलंस. मला हे नेहमी आठवायचं आणि का आठवतं ते कळायचं नाही.

आई पदर खोचून शाळेत गेली. वॉचमन म्हणाला, आत कोणी नाही. ती त्याला ढकलून आत गेली, एकेक खोली हाका मारत. कडी आईने काढली. त्या आईला तू सिनेमात जन्मालाच येऊ दिलं नाहीस आणि तिने काढलेली कडी स्वतः काढलीस. कडी लावल्याचं तर तू जगाला सांगतोयस, आणि तेवढ्या मोठेपणात ती काढल्याचंही श्रेय लाटलंस. याची मला सगळ्यात जास्त किळस येते.

फादरांनी सोमवारी बाबांना ऑफिसात बोलावलं. आई सोबत गेली होती, तिने मला नंतर सांगितलं. फादर म्हणाले, "मुलं आहेत, मनाला लावून घेऊ नका. झालं गेलं विसरून जा." हाताला पट्टी बांधलेले बाबा म्हणाले, "आमेन." आई घरी येऊन भांडी आपटत राहिली.

कडी लावणाऱ्या पोराला मी केव्हाच माफ केलं असतं. अकरा वर्षांचं पोर ते, चिडवून चिडवून पार जीव नकोसा केला होता त्याचा. मला शिसारी येते ती त्या पोराला उजेडात उभं करून, केसांवर वारा सोडून, त्याच्यावर गाणं घेणाऱ्या पन्नाशीतल्या बाप्याची.


२ फेब्रुवारी

दादा,

जे व्हायला नको होतं ते झालं. शाळेतून माणूस आला होता. येत्या रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये तुझ्या सिनेमाचा खास खेळ आहे, आणि बाबांना पहिल्या रांगेत बसायचं आहे. मी दारातूनच त्याला वाटेला लावणार होते, पण बाबांनी आतून ऐकलं. एरवी मी कानाशी ओरडले तरी ऐकू येत नाही!

घरात आता लगीनघाई आहे. कोट शिवायला टाकला. शिंप्याने माप घेताना उजवा हात पुढे करायला सांगितलं तर म्हणाले, "हा असाच आहे, बाही थोडी लांब ठेव." पेपरवाला, दूधवाला, खालचा न्हावी, सगळ्यांना सांगून झालं. "पोराने शाळेवर सिनेमा काढलाय. माझ्यावर पण आहे त्यात." न्हाव्याने सिनेमा पाहिलाय. त्याने केस जरा जास्तच मन लावून कापले. मला तेव्हा त्या न्हाव्याचा गळा धरावासा वाटला आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटलं.

मी त्यांना वळवायचा प्रयत्न केला. म्हटलं, गर्दी असेल, तुमचा दमा. म्हणाले, "तुला जळतंय." म्हटलं, त्यात तुमचं काम केलेला नट मला नाही आवडला. म्हणाले, "अगं, माझ्यासारखा दुसरा मिळणार कुठून?"

मी सांगू शकते त्यांना. आज संध्याकाळी सांगू शकते. पण ते माझ्या तोंडून ऐकायचं नाही त्यांनी. ज्याने कडी लावली त्याने सांगायचं. म्हणून हे पत्र. सिनेमा बदल असं म्हणत नाही, ते दात काढ असंही म्हणत नाही. एकच मागते. रविवारच्या आधी घरी ये. शनिवारी ये, शुक्रवारी ये. गाडी लांब उभी कर, गॉगल खिशात ठेव. त्यांच्या खाटेवर बस आणि सांग की बाबा, मी होतो. ते शिव्या देतील, वस्तू फेकतील, कदाचित दोन दिवस जेवणार नाहीत. मी आहे, मी बघेन ते. पण चारचौघांत, अंधारात, पडद्यावरच्या अक्षरांतून त्यांना ते कळू देऊ नकोस. त्यांना ती अक्षरं चटकन वाचताही येत नाहीत. कोणालातरी विचारावं लागेल, "काय लिहिलंय?" आणि शेजारी मी बसलेली असणार.

आजवर तुझ्याकडे मी काही मागितलं नाही. तेव्हा हे टाळू नकोस.


१० फेब्रुवारी

दादा,

शुक्रवारी बाबांनी खाटेवरची चादर बदलून घेतली. शनिवारी दिवसभर खिडकीत बसले. मी तू येणार असं सांगितलेलं नव्हतं, पण त्यांना वाटलं असणार. संध्याकाळी तुझा निरोप आला, "थेट हॉलमध्येच भेटू. डोक्यात एक मस्त कल्पना आहे." मी तो वाचला आणि बाबांना सांगितलं की तू कामात अडकलायस. ते म्हणाले, "मोठ्या माणसाला कामं असतातच."

हॉलमध्ये काय झालं ते तुला मी सांगायची गरज नाही, पण तू स्टेजवर होतास. मी बाबांच्या शेजारी होते. तिथून कसं दिसलं ते ऐक.

दिवे गेले. पडद्यावरच्या त्या दातांवर बाबा हसले नाहीत, माझ्याकडे वळून कुजबुजले, "हा कोण?" मी म्हटलं, "तुम्हीच." त्यांनी जिभेने स्वतःचे दात चाचपले. ओल्या चादरींच्या प्रसंगाला मात्र मनापासून हसले. वाकड्या हाताचा पहिला सलाम आला तेव्हा हॉल खो खो हसला, आणि बाबांनी उजवा हात कोटाच्या खिशात घातला. तो मग बाहेर आलाच नाही. वाफेचा प्रसंग आला तेव्हा त्यांचा श्वास लागला. मी पाणी पुढे केलं, त्यांनी नुसतीच मान हलवली. हीरोने कडी काढली तेव्हा म्हणाले, जरा मोठ्यानेच, "तुझी आई आली होती." मागच्या रांगेतून कोणीतरी "शूऽऽ" केलं.

शेवटी ती अक्षरं आली. त्यांनी विचारलं, "काय लिहिलंय?" मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात दिवे लागले, कारण तू आधीच माईक घेऊन उभा होतास. तुझी मस्त कल्पना! "या सिनेमातला आमेन आज आपल्यात आहे. आणि आज मी पहिल्यांदाच सांगतो, तो माझा बाप आहे." हॉल उठून उभा राहिला. दोन पोरांनी बाबांना दंडाला धरून वर नेलं. तू गुडघ्यांवर बसलास. "बाबा, कडी मी लावली होती. मला माफ करा." आणि माईक त्यांच्या तोंडाशी धरलास. तू रडत होतास, खोटं नसेल तेही. पण कॅमेरा कोणत्या बाजूला आहे हे तुला रडताना बरोबर कळत होतं, एकदाही त्याच्याकडे पाठ केली नाहीस.

बाबांनी तुझ्याकडे पाहिलं. मग शाळेच्या नव्या तरुण फादरांकडे पाहिलं. फादर हसले आणि त्यांनी हाताने खूण केली, बोला, बोला. सगळे थांबले होते. बाबा म्हणाले, "आमेन."

काय टाळ्या पडल्या! तू त्यांच्या कमरेला मिठी मारलीस. माझ्या पुढची एक बाई हुंदके देत म्हणाली, "किती मोठं मन असतं बापाचं." 

तू मग पाहुण्यांसोबत जेवायला गेलास. गाडीत बसताना माझ्या खांद्यावर थोपटून म्हणालास, "बघ, उगाच घाबरत होतीस. किती सुंदर झालं सगळं. पुढच्या महिन्यात निवांत येतो." मी बोलले असते तर रस्त्यात तमाशा झाला असता आणि तू तोही कुठेतरी वापरला असतास.

घरी येऊन बाबांनी कोट काढला, खुंटीला लावला, परत काढला आणि घडी घालून माझ्या हातात दिला. मग विचारलं, "तुझ्या आईला ठाऊक होतं का?" मी म्हटलं, "नसावं." ते म्हणाले, "नसणारच. असतं तर ती बोलली असती." मग म्हणाले, "मी त्या कप्तानाला किती शिव्या घातल्या."

मला राहवेना. मी विचारलं, "बाबा, तुम्ही माफ केलंत त्याला?" ते माझ्याकडे असे बघायला लागले जणू मला मराठी येत नाही. "माफ कुठे केलं? साहेबांनी बोला म्हटलं. एवढी माणसं उभी. मी होय म्हटलं."

हे एवढंच तुला कळवायचं होतं. तुझा तो स्टेजवरचा तुकडा आता फोनवर जिथे तिथे फिरतोय, खाली लाखो लोकांनी हृदयं पाठवली आहेत. त्यातलं बाबांचं एकही नाही.

काल दुपारी हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा ते खाटेवर पेपर चाळत होते. मी विचारलं, "दादाला लिहितेय. तुमच्याकडून काही लिहू?" त्यांनी चष्मा काढला, जरा सावरून बसले आणि शाळेच्या ऑफिसात उभे असल्यासारखे बोलले, "लिही, कार्यक्रम छान झाला. आपण वेळात वेळ काढून आलात, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. तब्येतीची काळजी घ्यावी."

मी म्हटलं, "बाबा, अहो दादाला लिहितेय मी."

ते म्हणाले, "हो, त्यांनाच."